ग्रोथ हार्मोन वाढवणारी पेप्टाइड्स आणि माझ्या वहीतला खोडलेला कॉलम

गेले दोन महिने रात्री सगळं आवरलं की मी वही-पेन घेऊन बसतो, घरच्यांना वाटतं हा हिशोब लिहितोय. झालं असं की जिममधला माझा एक मित्र, वय ४४, एक दिवस व्यायाम झाल्यावर बॅगेतून करंगळीएवढी काचेची व्हायल काढून दाखवायला लागला. तळाला चिकटलेली पांढरी पावडर, वर रबरी बूच, लेबलवर सीजेसी आणि आयपामोरेलिन अशी दोन नावं (ग्रोथ हार्मोन वाढावं म्हणून टोचतात ती पेप्टाइड्स, म्हणजे अमिनो ॲसिडच्या छोट्या साखळ्या) आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात "फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरू नये". मी म्हटलं तू कुठलं संशोधन करतोयस बाबा? तर म्हणे, "अरे तू वाचत असतोस ना असलं सगळं, मला फक्त एवढंच सांग यातलं बेस्ट कुठलं, हे घेऊ का टेसामोरेलिन घेऊ का ती एमकेची गोळी?"

मी डॉक्टर नाही, कॉलेजात बायोकेमिस्ट्री होती एवढंच भांडवल, पण प्रश्न डोक्यात बसला. मग वहीत तक्ता आखला. नाव, किती अमिनो ॲसिडचं आहे, अंगात किती वेळ टिकतं, आणि चौथा कॉलम सगळ्यात रुंद, त्यावर डबल रेघ मारून लिहिलं "जीएच (ग्रोथ हार्मोन) किती पट वाढतं". कारण जिथे बघाल तिथे तुलना याच आकड्यावर चाललेली असते, याने पाचपट वाढलं त्याने दहापट वाढलं म्हणजे ते भारी, विषय संपला. हा चौथा कॉलम मी महिन्याभराने स्वतःच खोडला, का ते पुढे येईलच.

वाचायला लागल्यावर पहिली ट्यूब पेटली ती ही की या सगळ्या नावांमध्ये ग्रोथ हार्मोन कशातच नाही. ग्रोथ हार्मोन म्हणजे १९१ अमिनो ॲसिडचं मोठं प्रोटीन, ते मेंदूच्या खाली लटकलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत बनतं. ही जी पेप्टाइड्स आहेत ती म्हणजे माल नाही, मालाची ऑर्डर आहे. पिट्युटरीला जाऊन सांगतात की सोड. त्यामुळे ज्याची पिट्युटरीच ऑपरेशनने किंवा रेडिएशनने खराब झालीय त्याला यातलं काहीही टोचलं तरी उपयोग जवळजवळ शून्य, त्याला थेट हार्मोनच द्यावं लागतं.

आणि पिट्युटरी काही नळासारखी सतत वाहत नसते. ग्रोथ हार्मोन उसळी मारून येतं, मग बराच वेळ रक्तात जवळपास काहीच नसतं, मग परत उसळी. सगळ्यात मोठी उसळी रात्री गाढ झोप लागली की पहिल्या टप्प्यातच येते. शिवाय एकदा रक्तात आलेलं हार्मोन पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होऊन जातं, म्हणून कुणी "माझं जीएच चेक केलं, शून्य पॉइंट काहीतरी आलं" म्हणून घाबरत असेल तर त्याला सांगा की दोन उसळ्यांच्या मधे सुई लागली असेल, बाकी काही नाही. म्हणूनच डॉक्टर आयजीएफ-१ बघतात. ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः लिव्हर ते बनवतं आणि त्याची पातळी दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असते.

ही उसळी कोण ठरवतं तर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसची दोन माणसं. एक जीएचआरएच, हा "सोडा" म्हणून ओरडणारा. दुसरा सोमॅटोस्टॅटिन, हा दारावरचा रखवालदार, हा जागा असेल तर पहिल्याने कितीही आरडाओरडा केला तरी दार किलकिलंच उघडतं. आणि तिसरा एक आहे जो पोटातून येतो पण त्याचा शोध फार उलट्या रस्त्याने लागला, त्याच्याकडे येतो. एवढं कळलं की मग बाजारातली सगळी नावं दोनच घराण्यांत बसतात, ओरडणाऱ्याच्या नकला आणि पोटातून येणाऱ्याच्या नकला.

आधी पहिलं घराणं. जीएचआरएच सापडलं १९८२ मध्ये आणि ते मेंदूत नाही सापडलं, सापडलं स्वादुपिंडाच्या गाठींमध्ये! काही पेशंटना ॲक्रोमेगली झालेली, म्हणजे ग्रोथ हार्मोन जास्त होऊन हात-पाय-जबडा वाढत जाण्याचा आजार, त्यात सहसा पिट्युटरीत गाठ असते पण यांची गाठ निघाली भलतीकडेच आणि ती गाठच पिट्युटरीला ऑर्डरी पाठवत होती. त्या गाठींतून दोन टीमनी हे पेप्टाइड वेगळं काढलं, त्यातली एक रॉजर गियमॅन यांची, ज्यांना १९७७ मध्ये अशाच मेंदूतल्या हार्मोनच्या कामासाठी नोबेल मिळालं होतं.

पूर्ण जीएचआरएच ४४ अमिनो ॲसिडचं, पण लक्षात आलं की पहिली २९ असली तरी काम पूर्ण होतं. ते २९ वालं म्हणजेच सेर्मोरेलिन. अडचण एकच, रक्तात डीपीपी-४ नावाचं एक एन्झाइम कात्री घेऊन फिरत असतं आणि ते पुढची दोन अमिनो ॲसिडं कापून टाकतं, झालं, संदेश बाद. (डायबेटिसच्या ग्लिप्टिन गोळ्या ज्या एन्झाइमला अडवतात ना तेच हे.) म्हणून सेर्मोरेलिनचं आयुष्य दहा-बारा मिनिटं. तरी १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला उंची न वाढणाऱ्या, ग्रोथ हार्मोन कमी असलेल्या मुलांसाठी मान्यता मिळाली होती, त्याआधी पिट्युटरी काम करते का हे तपासायलाही वापरायचे. पुढे २००८ मध्ये कंपनीनेच ते बंद केलं. धोकादायक निघालं म्हणून नाही हां, थेट रिकॉम्बिनंट, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं, हार्मोन १९८५ पासून मिळत होतंच आणि ते जास्त जोरकस होतं, मग याला विचारतो कोण.

इथून पुढची या घराण्याची सगळी कहाणी म्हणजे त्या कात्रीपासून वाचायच्या युक्त्या. एक युक्ती म्हणजे २९ मधली चार अमिनो ॲसिडं बदलायची, दुसऱ्या जागेवरचं तर आरशातल्या उलट्या रूपाचं घालायचं म्हणजे कात्रीला ते पकडताच येत नाही. असं केलं की आयुष्य अर्ध्या तासाच्या आसपास जातं. दुसरी युक्ती भन्नाट होती, कॅनडातल्या कॉन्जुकेम नावाच्या कंपनीची. त्यांनी त्याच बदललेल्या पेप्टाइडला शेपटीला एक हुक लावला, डीएसी म्हणतात त्याला, तो हुक रक्तातल्या अल्ब्युमिन प्रोटीनला जाऊन घट्ट चिकटतो आणि मग अल्ब्युमिनबरोबर हेही कितीतरी दिवस फिरत राहतं. हे खरं सीजेसी-१२९५. अर्धायुष्य, म्हणजे अंगात निम्मं उरायला लागणारा वेळ, सहा ते आठ दिवस. मिनिटं नाही, दिवस!

आणि इथे माझ्या तक्त्याचा तिसरा कॉलम बोंबलला. कारण लोक दोन्हीला सीजेसीच म्हणतात. एक "डीएसीवालं" आणि एक "डीएसी नसलेलं". म्हणजे अर्धा तास टिकणारं आणि आठवडा टिकणारं औषध एकाच नावाने विकलं जातं आणि फरक लेबलवरच्या एका शब्दाचा. मित्राच्या व्हायलवर तर तो शब्दही नव्हता, नुसतंच सीजेसी. मी विचारलं यातलं कुठलं आहे हे? तर तो म्हणे साधं असेल. असेल!

डीएसीवाल्यावर माणसांत अभ्यास झालेत, २००६ मध्ये आले. निरोगी माणसांना एकच इंजेक्शन दिलं तर ग्रोथ हार्मोन दोन ते दहापट, सहा दिवस किंवा जास्त, आणि आयजीएफ-१ दीड ते तीनपट, नऊ ते अकरा दिवस. एक मजेशीर गोष्ट म्हणजे लोक सांगतात की याने उसळ्या बंद होतात आणि हार्मोन सतत झिरपत राहतं, तर मोजलं तेव्हा उसळ्या चालूच होत्या, पण दोन उसळ्यांच्या मधला जो तळ असतो तो मात्र सात-साडेसातपट वर आला होता. म्हणजे रखवालदार काम करतोय पण दार पूर्ण लागतच नाहीये. हे चांगलं का वाईट हे ठरवण्याआधीच २००६ मध्ये एचआयव्हीच्या पेशंटवरच्या ट्रायलमध्ये एकाचा हार्ट ॲटॅकने मृत्यू झाला आणि ट्रायल थांबली. त्याला आधीपासून हृदयाच्या नसांचा त्रास असावा आणि औषधाचा संबंध नसावा असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मत होतं, पण औषध काही पुढे बाजारात आलं नाही. म्हणजे आज जगात सीजेसी म्हणून जे काही विकलं जातंय ते मान्यता न मिळालेल्या औषधाची कुणीतरी कुठेतरी बनवलेली नक्कल आहे.

या घराण्यातलं शिकून मोठं झालेलं आणि टिकून राहिलेलं एकच पोर आहे, टेसामोरेलिन. पूर्ण ४४ अमिनो ॲसिडचं जीएचआरएच आणि त्याच्या पुढच्या टोकाला एक छोटी फॅटी ॲसिडची टोपी, कात्रीपासून वाचायला. दिसायला अगदीच साधा बदल. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली पण कशासाठी ते नीट वाचा, एचआयव्हीच्या औषधांमुळे ज्यांच्या पोटात आतमध्ये, आतड्यांभोवती चरबी साठते अशा पेशंटसाठी. रोज एक इंजेक्शन. २६ आठवड्यांत ती आतली चरबी साधारण १५ टक्के कमी झाली, डमी इंजेक्शनवाल्यांची ५ टक्के वाढली. हा खरा, छापील, शेकडो लोकांवरचा आकडा आहे. पण वजन? जवळपास तेवढंच. कातडीखालची चरबी, जी आपण चिमटीत धरून उसासे टाकतो ती? तिला फारसा धक्काच नाही. आणि इंजेक्शन बंद केलं की आतली चरबी परत. वजन कमी करायला हे औषध नाही असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. ॲक्टिव्ह कॅन्सर असेल तर द्यायचं नाही, शुगर आणि आयजीएफ-१ वर लक्ष ठेवायचं, हेही लिहिलंय.

आता दुसरं घराणं, माझं जास्त आवडतं, कारण याचा इतिहास शेपटाकडून सुरू होतो. १९७० च्या दशकात सिरिल बावर्स नावाचे अमेरिकन डॉक्टर एन्केफॅलिनच्या, म्हणजे शरीरातल्या अफूसारख्या रसायनाच्या, नकला करून बघत होते. त्यातल्या काहींना वेदना कमी करायचा गुण नव्हता पण पिट्युटरीवर टाकल्या की ग्रोथ हार्मोन सुटायचं. का सुटतं कुणालाच ठाऊक नाही! तरी गडी लागून राहिला आणि १९८४ मध्ये जीएचआरपी-६ आलं, फक्त सहा अमिनो ॲसिडचं. म्हणजे चावी बनली, कुलूप कुठलं ते माहीत नाही. कुलूप म्हणजे रिसेप्टर सापडला १९९६ मध्ये, आणि त्या कुलपाची शरीरातली मूळ चावी सापडली १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना, तीही कुठे तर उंदराच्या जठरात. तिचं नाव घ्रेलिन ठेवलं, इंडो-युरोपियन भाषांतल्या वाढ या अर्थाच्या "घ्रे" या जुन्या मुळावरून. हेच ते भुकेचं हार्मोन, पोट रिकामं असलं की वाढणारं. म्हणजे पंधरा वर्षं लोक जे औषध म्हणून टोचत होते ती भुकेच्या हार्मोनची नक्कल होती हे नंतर कळलं, आणि मग जीएचआरपी-६ घेतल्यावर वीस मिनिटांत माणसं स्वयंपाकघराकडे का धावतात हे कोडंही सुटलं.

या घराण्यातल्या भावंडांमधला फरक मुख्यतः कोण किती आगाऊ याचा आहे. जीएचआरपी-६ भूक खवळवतं. जीएचआरपी-२ हार्मोन सोडण्यात त्याच्याहून जोरदार, जपानमध्ये ते पिट्युटरीची चाचणी करायला डॉक्टर वापरतात, पण ते बरोबर कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) आणि प्रोलॅक्टिनही (दूध येण्याचं हार्मोन) थोडं वर ढकलतं. हेक्सारेलिन सगळ्यात जोरदार आणि सगळ्यात लवकर थकणारं, म्हाताऱ्या निरोगी माणसांना दिवसातून दोनदा असं १६ आठवडे दिलं तर प्रतिसाद हळूहळू कमी होत गेला, चार आठवडे थांबल्यावर परत आला. म्हणजे पिट्युटरी पण शेवटी वैतागते, एकच माणूस रोज दोनदा येऊन बेल वाजवतोय म्हटल्यावर.

आयपामोरेलिन हे त्यातलं सभ्य बाळ. पाच अमिनो ॲसिडचं, नोव्हो नॉर्डिस्कने १९९८ मध्ये जाहीर केलेलं, अर्धायुष्य दोन तास, आणि वैशिष्ट्य असं की ग्रोथ हार्मोन सोडतं पण कॉर्टिसॉलला हात लावत नाही. सगळीकडे हे "क्लीन" म्हणून डोक्यावर घेतलंय ते याच वाक्यामुळे. पण तो मूळ पेपर मी उघडून बघितला तर ती कॉर्टिसॉलची मोजणी डुकरांवरची आहे. डुक्कर वाईट मॉडेल नाही, पण आपण काय वाचतोय ते माहीत असावं की नाही. माणसांत याचा मोठा उपयोग करून बघितला तो स्नायूंसाठी नव्हेच, पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी सुस्तावतात ती लवकर चालू व्हावीत म्हणून, आणि त्यात ते डमीपेक्षा सरस ठरलं नाही. तिथेच त्याचं करिअर संपलं, म्हणजे दवाखान्यातलं करिअर. व्हायलमधलं जोरात चालूय.

दोन्ही घराण्यांचं मिश्रण का विकतात, मित्राच्या व्हायलमध्ये दोन नावं का, याला मात्र खरोखर शास्त्र आहे. जीएचआरएचच्या नकला पेशीत एका रस्त्याने शिरतात, घ्रेलिनच्या नकला दुसऱ्या रस्त्याने, कॅल्शियम वाढवून, आणि वर रखवालदारालाही गुंगी आणतात. त्यामुळे दोन्ही एकदम दिली तर उसळी दोघांच्या बेरजेहूनही मोठी येते, माणसांत मोजलंय हे. ऐकायला जबरदस्त वाटतं ना, मलाही वाटलं, चौथ्या कॉलममध्ये मी तीन उद्गारचिन्हं काढली होती त्या ओळीपुढे.

मग आली एमके-६७७, आणि सगळ्या तक्त्याची वाट लागली.

मुळात ते पेप्टाइडच नाही. मर्क कंपनीने घ्रेलिनच्या कुलपात बसणारा छोटा रेणू बनवला, इबुटामोरेन, तोंडाने घ्यायचा, दिवसातून एकदा. इंजेक्शनची भानगड नाही म्हणून लोकांना प्रिय. आणि गंमत म्हणजे माणसांवर चांगले नीट आणि लांब अभ्यास याचे झालेत, त्यामुळे इथे लपायला जागा नाही. २००८ मध्ये आलेला एक अभ्यास, साठीच्या पुढचे ६५ निरोगी लोक, रोज २५ मिलिग्रॅम, वर्षभर डमीशी तुलना. ग्रोथ हार्मोनच्या उसळ्या तरुण माणसाइतक्या झाल्या. चरबी सोडून बाकीचं वजन १.१ किलो वाढलं, डमीवाल्यांचं अर्धा किलो घटलं. वा! असं म्हणून मी पान उलटलं तर पुढे लिहिलेलं, ताकद वाढली नाही. रोजच्या हालचालींतही फरक नाही. उपाशीपोटीची शुगर सरासरी ५ ने वाढली, इन्सुलिनची परिणामकारकता कमी झाली, भूक वाढली, काहींच्या पायांवर सूज.

त्याच वर्षी अल्झायमरच्या ५६३ पेशंटवरचा अभ्यास, तोच डोस, वर्षभर. आयजीएफ-१ तब्बल ७३ टक्के वाढलं. आजारावर परिणाम, काही नाही. मग मांडीचं हाड मोडलेल्या वयस्कर पेशंटवर करून बघितलं, तिथे हार्ट फेल्युअरच्या केसेस औषध घेणाऱ्यांत जास्त दिसल्या म्हणून अभ्यास अर्ध्यातच बंद केला.

त्या रात्री मी चौथा कॉलम खोडला. कारण सरळ दिसत होतं, आकडा वाढवणं या औषधांना जमतं, सगळ्यांनाच जमतं, कमी-जास्त. शर्यत लावण्यासारखं त्यात काही उरलंच नाही. ज्याच्यासाठी आकडा वाढवायचा ती गोष्ट होते का हा खरा कॉलम, आणि तो मी आखलाच नव्हता. आणि थेट ग्रोथ हार्मोन टोचलेल्या निरोगी म्हाताऱ्यांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले गेलेत २००७ मध्ये, तिथेही तीच रड, चरबी दोनेक किलो कमी, लीन मास (चरबी सोडून बाकीचं वजन) दोनेक किलो जास्त, बाकी सांधेदुखी, सूज, हाताला मुंग्या. आणि ते लीन मास म्हणजे मसल असं आपण मनात धरतो पण शरीरात साठलेलं पाणीही त्यातच मोजलं जातं. ग्रोथ हार्मोन पाणी धरून ठेवतं. मित्राचा एक ओळखीचा म्हणत होता दोन आठवड्यांत दंड भरले, अरे दोन आठवड्यांत मसल नाही भरत, पाणी भरतं, मनगटातल्या नसेवर दाब येऊन रात्री हाताला मुंग्या येतात ते त्याच पाण्यामुळे.

मग नवीन कॉलम आखले. "कोणावर तपासलं", "त्यांना काय फरक पडला", "थांबवल्यावर काय". आणि तक्ता एकदम रिकामा दिसायला लागला. टेसामोरेलिनची ओळ भरली. एमकेची भरली पण वाचून आनंद होईल अशी नाही. सेर्मोरेलिनच्या ओळीत लहान मुलं. डीएसीवाल्या सीजेसीत काही आठवड्यांचं रक्ततपासणीचं काम. आयपामोरेलिनपुढे सुस्तावलेली आतडी. आणि ज्या जोडीची सगळ्यात जास्त जाहिरात असते, डीएसी नसलेलं सीजेसी अधिक आयपामोरेलिन, ती चाळिशीतल्या निरोगी व्यायाम करणाऱ्या माणसाला महिनोन्महिने देऊन काय होतं, त्या ओळीत मला भरायला काहीच सापडलं नाही. "मला बरं वाटलं, झोप छान लागते" एवढंच सापडतं. लागत असेल झोप, मी खोटं नाही म्हणत, पण तो कॉलम मी पेनने भरू शकत नाही.

घ्रेलिनच्या घराण्यातली मान्यता मिळालेली पोरं खरं तर आहेत, फक्त ती जिममध्ये येत नाहीत. मॅसिमोरेलिन म्हणून तोंडाने प्यायचं औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, मोठ्यांमध्ये ग्रोथ हार्मोन कमी आहे का हे तपासायला, एकदा प्यायचं, रक्त द्यायचं, घरी जायचं. ॲनामोरेलिन जपानने २०२१ मध्ये कॅन्सरमध्ये खंगत जाणाऱ्या पेशंटसाठी मंजूर केलं, युरोपने नाकारलं. आणि कॅप्रोमोरेलिन, हे वाचून मी रात्री एक वाजता एकटाच हसलो, ते मंजूर आहे भूक मंदावलेल्या कुत्र्यांसाठी.

मित्राशी माझा सगळ्यात जास्त वाद "नॅचरल" या शब्दावरून झाला. त्याचं म्हणणं, बाहेरून हार्मोन घेतलं तर ते स्टेरॉइडसारखं वाईट, पण हे तर माझीच पिट्युटरी सोडते, शरीर स्वतःच लिमिट ठेवतं. यात थोडं तथ्य आहे, आयजीएफ-१ वाढलं की रखवालदार जागा होतो, म्हणून थेट हार्मोनचा जसा ओव्हरडोस होतो तसा याने सहज होत नाही. पण मी त्याला म्हटलं की ॲक्रोमेगली झालेल्या माणसाचं हार्मोनही त्याच्याच पिट्युटरीने सोडलेलं असतं, त्याचं हृदय त्यामुळे जाड व्हायचं थांबत नाही आणि शुगर वाढायची थांबत नाही. कुणी ऑर्डर दिली याच्याशी पेशींना काय देणंघेणं. आणि आयजीएफ-१ पेशींना वाढा म्हणतं तेव्हा चांगल्या पेशींनाच म्हणतं असंही नाही, म्हणून तर कॅन्सरवाल्याला टेसामोरेलिन द्यायचं नाही. यावर तो गप्प बसला, मग म्हणाला तू फार निगेटिव्ह आहेस.

आणि व्हायलमध्ये नक्की काय आहे हा वेगळाच विषय. पावडर पांढरी असते, सगळ्यांचीच. किती शुद्ध, बनवताना जंतूंचे अवशेष राहिलेत का, लेबलवर लिहिलंय तेवढंच आहे का, हे डोळ्याला दिसत नाही आणि "संशोधनासाठी" लिहिलं की विकणाऱ्यावर माणसाची जबाबदारीच राहत नाही, त्या मुंगीएवढ्या अक्षरांचं काम तेवढंच. स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी तर चर्चाच नाही, वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदीच्या यादीत ही दोन्ही घराणी नावासकट आहेत, स्पर्धेच्या काळातही आणि बाहेरही.

शेवटी मी त्याला वहीचं पान दाखवलं. त्याने पाच मिनिटं बघितलं, खोडलेला कॉलम बोटाने उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "पण यात बेस्ट कुठलं ते तू लिहिलंच नाहीस." मी म्हटलं तुझा प्रॉब्लेम काय आहे ते आधी सांग, मग औषध शोधू. तर म्हणे वयाप्रमाणे ग्रोथ हार्मोन कमी झालं असणार ना. मी म्हटलं असणार काय, बघ ना, व्हायल फोडायच्या आधी एकदा हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा आणि आयजीएफ-१, उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) एवढं करून घे.

बरेच आढेवेढे घेऊन गेला. मागच्या आठवड्यात रिपोर्ट आले. शुगर बॉर्डरच्या किंचित वर, त्याबद्दल डॉक्टरांनी त्याला अर्धा तास बसवून ऐकवलं म्हणे. आणि आयजीएफ-१ त्याच्या वयाच्या रेंजमध्ये, अगदी मधोमध. मोबाईल माझ्यासमोर धरून तो तीनदा म्हणाला, "म्हणजे कमी नाहीचे?" नॉर्मल रिपोर्ट बघून इतका नाराज झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.